वेशीजवळच्या विहिरीचे पाणी

शास्त्रपाठ : 2 शमुवेल 23:13-17



दावीद अदुल्लामाच्या गुहेत होता. हंगामाचे दिवस होते. पलिष्ट्यांचे सैन्य रेफाईमाच्या खोऱ्यात उतरले होते, आणि दाविदाच्या जन्मगावी, बेथलेहेमात, त्यांचे ठाणे बसले होते. गुहेपासून ते गाव सरळ रेषेत सुमारे 12 मैल. परंतु त्या दिवशी ते परमुलखाइतके दूर झाले होते. अशा वेळी, आपल्या गावच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी प्यावयास मिळावे, अशी उत्कट इच्छा त्याच्या तोंडून निघाली. जेथे शेकडो माणसे त्याच्यासह राहिली, तेथे काही तरी पाणी असलेच पाहिजे. तेव्हा ती तहान घशाची नव्हती, घराची होती.

ही तहान आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांस ठाऊक आहे. कोकणातील एक बंधू काही वर्षांपूर्वी मस्कत येथे बांधकामावर होता. तेथे जून ते ऑगस्ट या महिन्यांत दुपारी 12.30 ते 3.30 पर्यंत उघड्यावर काम करण्यास कायद्याने मनाई आहे; मजुरांच्या विसाव्याची वेळ तीच. त्या दिवसांत तो तापाने निजला होता. अन्न जाईना. आई रातांब्याच्या साली साखरेत मुरवून जे कोकमाचे सरबत करी, त्याची त्यास आठवण झाली आणि तो सहज बोलून गेला. त्याच्या खोलीत दोन सोबती होते, एक केरळाचा व एक बांगलादेशाचा. त्यांतील दुसरा ख्रिस्ती नव्हता. त्या दोघांनी आपला विसावा सोडला, भर उन्हात दुकानामागून दुकान धुंडाळले, आणि अखेर हिंदी माल विकणाऱ्या एका दुकानातून सरबताची बाटली आणली. तो मला म्हणाला, “पाळकसाहेब, त्यांचे भाजलेले चेहरे पाहिले आणि पेला ओठास लावण्याचे धैर्य होईना. मग ते सरबत आम्ही खोलीतल्या सर्वांनी घोट घोट वाटून घेतले.”

आता पुन्हा दाविदाकडे पाहा. तीन वीर शत्रूच्या फळीतून घुसले, विहिरीचे पाणी शेंदले आणि त्याच्याकडे घेऊन आले. ते पाणी दाविदाने प्यालेच नाही; परमेश्वरासमोर ओतून टाकले. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचे रक्तच ते, असे त्यास वाटले.

यावरून आपण तीन गोष्टी शिकू या.

पहिली ही, की घराची ओढ हे पाप नव्हे. दाविदास त्याबद्दल शास्त्रात कोठेही दोष दिलेला नाही. मात्र इस्राएल लोक रानात मिसरातील काकड्या व खरबुजे आठवून कुरकुर करू लागले, तेव्हा त्याच ओढीचे पाप झाले.

दुसरी ही, की आपण सहज बोललेल्या इच्छेची किंमत दुसरा कोणी तरी भरतो. आपला मुलगा परदेशातून पैसे पाठवितो, ते पैसे म्हणजे वेशीजवळच्या विहिरीचे पाणीच होय. ते त्याने उन्हातून, एकटेपणातून व अपमानातून शेंदून आणलेले आहे. मग ते आपण मद्याच्या दुकानी, लग्नातील डामडौलात किंवा भाऊबंदांच्या कज्ज्यात कसे उधळतो? बापहो, मायबहिणींनो, पुढील वेळी पैसे हाती येतील तेव्हा क्षणभर थांबा. हे कोणाचे रक्त, असे स्वतःस विचारा. मग त्यातून घरातील मुलांचे शिक्षण, आजाऱ्याचे औषध व प्रभूचा वाटा आधी काढा. उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट घरोघरी जाऊन प्रीतीने सांगा. आपले लोक ती ऐकतील; कारण त्यांसही आपली मुले प्रिय आहेत.

तिसरी ही, की घरचे पेय मिळाले तरी ती खोल तहान पुरती भागत नाही. बाटली रिती होते आणि परदेश उरतोच. शोमरोनी स्त्री याकोबाच्या विहिरीवर आली, तेव्हा प्रभूने तिला जिवंत पाण्याविषयी सांगितले. तोच प्रभू वधस्तंभावर तान्हेला झाला, आणि त्याच्या ओठास आंब लावली गेली. दाविदासाठी तिघांनी जीव धोक्यात घातला. आपणांसाठी त्या एकाने जीव दिलाच.

म्हणून प्रभुभोजनाचा प्याला हाती घेताना दाविदाचे स्मरण करा. जे रक्ताच्या मोलाने मिळाले, ते हलक्या मनाने पिऊ नये. आणि आज संध्याकाळच्या प्रार्थनेत, दूर देशी राबणाऱ्या प्रत्येक मुलाचे व त्याच्यासाठी उन्हात गेलेल्या परक्या सोबत्यांचेही नाव प्रभूपुढे घ्या. आमेन.