फेरतपासणीसाठी परत

सातारा जिल्ह्यातील माजी सैनिकांना अपंगत्व पेन्शनची अपिले लिहून देण्याचे काम मी शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर स्वीकारले. अपील फेटाळले गेले तर माणूस संतापतो. मंजूर झाले तर देवापुढे पेढे ठेवतो. परंतु ‘नव्या वैद्यकीय मंडळाने फेरतपासणी करावी’ असा आदेश हाती पडला की काय वाटून घ्यावे, हेच त्याला उमगत नाही.

असा आदेश मुळातच अन्यायकारक असतो, असे मी म्हणणार नाही. अपस्मार किंवा मणक्याचा विकार सेवेमुळे उद्भवला की सेवेत बळावला, हे सांगणे वैद्यकाचे काम आहे. न्यायासनाने ते केवळ सहानुभूतीने ठरवू नये. दोष बहुधा आधीच्या पायरीवर असतो. सैनिकाला सेवामुक्त करताना ‘सेवेशी संबंध नाही’ एवढाच शेरा मारलेला असतो. कारण लिहिलेले नसते.

सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंह प्रकरणात याच उणिवेवर बोट ठेवले. सिग्नल्स दलात 1985 साली भरती झालेला हा जवान अपस्मारामुळे 1994 मध्ये सेवामुक्त झाला होता. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर प्रकृती सेवेमुळे ढासळली असे गृहीत धरावे. मंडळाचे मत वेगळे असल्यास त्याने कारणे द्यावीत. संशयाचा लाभ सैनिकाला मिळावा, असे न्यायालयाने सांगितले. तत्त्व निःसंदिग्ध आहे. ते त्या जवानाच्या पदरी पडेपर्यंत मात्र एकोणीस वर्षे लोटली.

फेरतपासणीत चाळिशीतल्या देहाविषयीचा प्रश्न सत्तरीतल्या देहाला विचारला जातो. मधल्या काळात मधुमेह जडतो, शेतीच्या कष्टांनी सांधे झिजतात. सेवेने काय दिले आणि वयाने काय, याची विभागणी निष्णात वैद्यालाही अवघड जाते. जुनी दफ्तरे ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात, साक्ष देणारे सोबती उरत नाहीत. विलंब कोणाच्याही हातून होवो, क्षीण होतो तो सैनिकाचाच पुरावा. उशिरा दाद मागणाऱ्याची थकबाकीही, 2008 च्या तरसेम सिंह निर्णयानुसार, सामान्यतः तीन वर्षांपुरती मर्यादित राहते.

पाठीने वाकलेले एक सुभेदार असा आदेश ऐकून मला म्हणाले, “गुरुजी, मी पुन्हा सदरा काढून उभा राहीन. पण त्या वेळचे कागद आधी वाचा म्हणावं त्यांना.” त्यांचे हे म्हणणे मी आता प्रत्येक अपिलात मांडतो. प्रकरण परत पाठवायचेच झाल्यास मंडळापुढे एकच प्रश्न ठेवावा: भरतीच्या आणि सेवामुक्तीच्या वेळच्या नोंदींतून काय दिसते? उत्तर सकारण असावे, त्याची मुदत आदेशातच लिहावी, आणि मुदतीत उत्तर न आल्यास संशयाचा लाभ अर्जदाराला द्यावा. ही शेवटची विनंती माझ्या कोणत्याही अपिलात अद्याप मान्य झालेली नाही. 2013 च्या निर्णयाच्या ती बाहेरची आहे, असे मला वाटत नाही.