सांगण्याचें ऋण

गुहागर तालुक्यांतील वेळणेश्वर हें अनेक कुळांचें कुलदैवत. दूरदूर विखुरलेले भाऊबंद कुळाचाराच्या निमित्तानें तेथें एकत्र येतात, तेव्हां कुलवृत्तांताच्या गोष्टी निघतात. अमुक काका चाळिशींत चालतां चालतां गेले, त्यांचा पुतण्याहि तसाच गेला, अशी आठवण कोणी काढतो. ‘भाग्यवान! हाल झाले नाहींत,’ असें म्हणून विषय संपविला जातो. तो तेथेंच संपवावा काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तरुणपणीं अकस्मात् येणाऱ्या अशा मृत्यूंपैकीं कांहींचें मूळ आनुवंशिक असतें. हृदयाचा स्नायु जाड होण्याचा विकार सुमारें ५०० माणसांत एकास आढळतो. आईबापांपैकीं एकाजवळ त्याचा दोष असला, तर बहुधा प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याचा संभव निम्मा असतो. २००९ मध्यें हैदराबादचे डॉ. कुमारसामी थंगराज व त्यांचे सहकारी यांनीं हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकांतील अशाच एका उणिवेचा हृद्रोगाशीं संबंध दाखविला. भारतीय उपखंडांत ती शेंकडा सुमारें चौघांजवळ आहे. अर्थात् दोष असणें म्हणजे रोग होणेंच, असें मात्र नव्हे.

कुलवृत्तांत मुख्यतः मुलांचा वंश धरून चालतो. जनुकें तसा भेद करीत नाहींत. सासरीं गेलेल्या लेकीचें आडनांव बदलतें, रक्त बदलत नाहीं. म्हणून पुतण्याइतकेंच भाच्यासहि कळविलें पाहिजे.

‘पण मुलीचें लग्न अडेल!’ ही भीति आम्ही खोटी म्हणत नाहीं. परंतु या मौनाची किंमत ज्यास द्यावी लागते, त्यास कोणी विचारलेलें नसतें. हृदयाचा विद्युत्-आलेख व ध्वनिलहरींची तपासणी यांत वेदना नाहीं. रोग आढळल्यास औषधें आहेत, आणि धोका मोठा असेल तर छातींत बसविण्याचें यंत्रहि आहे. ‘आम्हांस जाणून घ्यावयाचें नाहीं,’ असें म्हणण्याचा जाणत्या माणसास अधिकार आहे. पण तो बजावण्यासहि आधीं कोणीतरी सांगितलेलें असावें लागतें. सांगणें हें आमचें काम. तपासून घ्यावें कीं नाहीं, हें त्याचें त्यानें ठरवावें.

पुढील खेपेस वेळणेश्वरीं भाऊबंद जमतील, तेव्हां गेलेल्यांच्या नांवापुढें मृत्यूचें वय व कारणहि लिहावें, आणि त्या यादींत लेकींचीं घरें वगळूं नयेत.