उसन्या रूपाचा देव

१८ मे २०१४ रोजी झी मराठीवर ‘जय मल्हार’ सुरू झाली. मणी आणि मल्ल या दैत्यांचा काळ ठरलेला, घोड्यावर बसणारा, चमत्कार करणारा आणि तरीही घरात दोन बायकांच्या रुसव्याफुगव्यांपुढे हात टेकणारा खंडोबा रोज रात्री दिवाणखान्यात येऊ लागला. परदेशात ज्याला सुपरहिरो म्हणतात त्याचे आपल्याकडचे इतके पुरेपूर रूप त्याआधी मराठी पडद्यावर आले नव्हते. प्रेक्षकांनी दाद दिली ती नुसत्या टाळ्यांनी नव्हे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत ‘जय मल्हार’ गणपतीची मागणी आली : कपाळावर भंडार, हातात खड्ग, ऐट सगळी मल्हारीची आणि मुखावर सोंड. पुढे ‘बाहुबली’ चित्रपटाच्या नायकासारखा खांद्यावर शिवलिंग उचललेला गणपतीही आला. रात्री मालिकेचा भाग पाहून सकाळी अशी मूर्ती सांगणारा भक्त नेमकी कोणाची पूजा करतो, गणपतीची, खंडोबाची, की खंडोबाचे काम करणाऱ्या देवदत्त नागे या अलिबागच्या नटाची? प्रश्न थट्टेचा वाटतो, पण मूर्तिपूजेच्या मुळाशी जाणारा आहे.

पहिला आक्षेप शास्त्राचा. गणपतीचे रूप ठरलेले आहे. अथर्वशीर्षात तो एकदंत आहे, चतुर्हस्त आहे, पाश-अंकुश धारण करणारा, लाल वर्णाचा आहे. त्यात मालिकेतल्या नायकाचा पेहराव बसत नाही, म्हणून ही मूर्ती पूजेलाच योग्य नाही, असे म्हणणारे आहेत. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायचा तर तो सर्वांना सारखा लावावा लागेल. सिंहासनावर लोडाला टेकून बसलेला, पेशवाई पगडीचा किंवा फेट्याचा गणपती कोणत्या ध्यानश्लोकात आहे? लालबागच्या राजाने १९४० च्या दशकात राष्ट्रनेत्यांची रूपे घेतली होती, तेव्हा त्याच्या भक्तांना आपण पुढाऱ्याची आरती करतो आहोत असे वाटले नव्हते. पेणच्या रंगाऱ्यांना हे पंडितांपेक्षा बरे कळते. पोशाख कोणताही असो, मूर्ती ‘बोलू’ लागते ती डोळ्यांच्या आखणीने, आणि ही आखणी ते अनुभवी हातालाच देतात. बाकीची मूर्ती साच्यातून निघते.

याहून खोल मुद्दा असा की वीराचा देव होणे ही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट नाही. महाराष्ट्रभर गावांच्या वेशीवर वीरगळ उभे आहेत. एकावर एक कोरलेले चौकोन : खाली लढाई आणि मरण, त्याच्या वर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, आणखी वर शिवलिंगापाशी हात जोडलेला तोच वीर. दगडातली ही भागांची मालिकाच म्हणायची, फक्त खालून वर पाहायची. गाईगुरे वाचवताना पडलेला माणूस शेंदूर लावून घेता घेता गावाचा रक्षक होतो. रोह्याच्या ग्रामदैवताच्या नावातच वीर आहे. दसऱ्याच्या उत्सवात धावीर महाराजांच्या पालखीला सशस्त्र पोलीस मानवंदना देतात. बंदुकीची सलामी घेणारा हा देव कोणत्या ध्यानश्लोकातून आला, असे रोहेकर विचारत नाहीत. खुद्द खंडोबाचेही तसेच. ‘मल्हारी माहात्म्या’ने त्याला शिवाचा अवतार म्हणून संस्कृतात बसवले, पण बाणाईसाठी, म्हणजे मालिकेतल्या बानूसाठी, धनगराच्या वाड्यावर चाकरी करणारा, मेंढरे राखणारा खंडोबा लोकगीतांतून आला. रा. चिं. ढेरे आणि सोंथायमर या अभ्यासकांनी त्याच्या मागचा हा लोकदेव दाखवून दिला आहे. मालिकेवरून वाद झाला तो खंडोबाच्या दोन बायकांपैकी म्हाळसा बरोबर की बानू, यावर. म्हणजे प्रेक्षकांना भावला तो पोथीतल्यापेक्षा गाण्यातला देव. खंडोबाची गाणी गाणारे वाघ्या-मुरळी शतकानुशतके हाच देव लोकांपुढे उभा करत आले आहेत. एवढाच फरक, की त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता.

मग देव आणि पडद्यावरचा नायक यांत काही भेदच उरला नाही का? उरला आहे, पण तो रूपात नाही. रूप नेहमीच उसने असते. भाद्रपद चतुर्थीला घरी आणलेली मूर्ती आणल्याबरोबर देव होत नाही. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती पेणची माती असते. आणि दीड, पाच किंवा दहा दिवसांनी उत्तरपूजा होते, अक्षता पडतात, मूर्ती जागची जरा हलवतात, तेव्हा तिच्यातला देव गेलेला असतो आणि पुन्हा माती उरते. ज्या परंपरेने देवाला बोलवण्याचा विधी केला, तिने त्याला निरोप देण्याचाही केला, आणि दोन्ही सारख्याच गांभीर्याने. खंडोबाच्या जागरणातही देवाला यायचे आवतण असते आणि पहाटेच्या आरतीने रात्र संपते. सोंग उतरते, दिवटी विझते, वाघ्या पुन्हा गावातला माणूस होतो. तेव्हा भाविक फसतो असे म्हणणारे त्याला कमी लेखतात. नटाच्या पाया पडणारी आजी देवदत्त नागे यांना देव समजत नसते. त्या क्षणापुरते रूपाला नमस्कार करून ती नंतर भाजी निवडायला बसते. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू होताना टीव्हीला हार घालणाऱ्यांनीही भाग संपल्यावर टीव्ही बंद केला होता.

निरोप नसला तर काय होते, हे दुसऱ्या एका नायकाने दाखवले. सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ आला. शक्तिमान वाचवायला येईल या विश्वासाने मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या लवकरच छापून येऊ लागल्या. त्यांतल्या सगळ्याच खऱ्या होत्या का, यावर वाद झाला, पण शक्तिमानचे काम करणाऱ्या मुकेश खन्ना यांना पडद्यावरून मुलांची समजूत काढावी लागली, हे खरे. इथे कोणी म्हणेल, धावीर महाराजांनी धावून यावे अशी अपेक्षा करणारा रोहेकर आणि गच्चीच्या कठड्यावर उभा राहिलेला मुलगा यांत फरक काय? फरक असा की नवस बोलणारा माणूस देवाला हाक मारतो आणि दवाखान्यातही जातो. देव आला नाही तर ‘त्याची मर्जी’ म्हणण्याची सोय त्याच्याकडे असते. मुलाकडे ती सोय नव्हती, कारण त्याचा नायक दर आठवड्याला आला होता, एकदाही चुकला नव्हता. खरी श्रद्धा न आलेल्या देवाशी जमवून घेते. मालिकेला हे परवडत नाही. गंमत अशी की शक्तिमानची शक्तीसुद्धा आकाशातून पडलेली नव्हती, ध्यानधारणेने मिळवलेली होती. रोह्यात १९२० साली जन्मलेल्या, स्वाध्याय चळवळीच्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी आयुष्यभर हेच सांगितले : मूर्ती ही चित्त एकाग्र करण्यासाठी, आणि ज्याच्यावर एकाग्र व्हायचे तो आत बसलेला आहे. त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला तेही १९९७ सालीच. त्या वर्षी मुलांच्या कानावर दोहोंतला कोणता आवाज जास्त पडला, हे वेगळे सांगायला नको.

आता बाजाराचा आक्षेप, आणि तो मला शास्त्राच्या आक्षेपापेक्षा जड वाटतो. जय मल्हार गणपती हा भक्तीचा नव्हे, मागणीचा अवतार आहे. पुढच्या वर्षी दुसरी मालिका चालली की असा साचा अडगळीत जातो. खरे आहे. पण मूर्तिकाराने मागणी पाहू नये हे म्हणणे म्हणजे कुंभाराने मडक्याची मापे वेदातून घ्यावीत असे म्हणणे झाले. पेण परिसरातल्या शेकडो कारखान्यांची चूल वर्षभर याच हंगामावर पेटते. शिवाय मागणी बदलते म्हणूनच हे रूप वर्षभरात मागे पडते, आणि मागे पडणे हे मूर्तीच्या बाबतीत वैगुण्य नाही. तिने राहायचे नसतेच. बाजाराने खरे नुकसान केले ते पोशाखात नव्हे, मातीत. शाडू जड, ठिसूळ, सुकायला दिवस घेणारा. प्लास्टर ऑफ पॅरिस हलके, स्वस्त, लांबच्या गावी ट्रकमधून न मोडता जाणारे. खड्ग उगारलेला हात किंवा खांद्यावरचे शिवलिंग पेलायला तर प्लास्टरच सोयीचे. नायकाची ऐट आणि न विरघळणारा देह असे दोन्ही बरोबरच आले.

म्हणून प्लास्टरच्या वादात मला प्रदूषणाइतकाच या न विरघळणाऱ्या देहाचा प्रश्न छळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या घडवायला वाट मोकळी करून दिली, पण त्या सरसकट नैसर्गिक पाण्यात सोडू नयेत, हे म्हणणे कायम ठेवले. चर्चा मासे, रंग आणि रोजगार यांची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण जी मूर्ती पाण्यात तशीच राहते, तिची उत्तरपूजा झाली तरी तिचे विसर्जन झाले का? देव गेला आणि माती मात्र परत मातीत गेली नाही. ओहोटीला किनाऱ्यावर आडवा पडलेला, रंग उडालेला, सोंड तुटलेला जय मल्हार गणपती कोणाचा अपमान करतो? खंडोबाचा नाही, गणपतीचा नाही, नटाचा तर नाहीच. त्याच्या हातातले खड्ग अजून उगारलेलेच असते, मणी-मल्ल कधीच मेलेले असतात, आणि मालिका २०१७ मध्येच संपलेली असते.