शौल यरुशलेमेस परत येतो



ज्या शहरांत आपण पूर्वीं राहिलों तेथें पुष्कळ दिवसांनीं पाऊल टाकणें ही साधी गोष्ट नव्हे. आपल्या मंडळ्यांतील कित्येकजण मुंबईस किंवा पुण्यास राहून गांवीं आलेले आहेत, त्यांस हें ठाऊक आहे. रस्ते पायांच्या ओळखीचे असतात. परंतु एखाद्या गल्लीच्या तोंडाशीं पाऊल अडतें, कारण तेथें आपण जें केलें तें आपली वाट पाहत असतें.

शौल जन्मानें तार्सकर खरा, पण वाढला यरुशलेमांत. गमलियेलाच्या पायांशीं बसून तो नियमशास्त्र शिकला. याच शहराबाहेर स्तेफनास दगडमार झाला, तेव्हां साक्षीदारांनीं आपलीं वस्त्रें ह्या तरुणापाशीं ठेविलीं. पुढें घरोघर शिरून त्यानें पुरुषांस व स्त्रियांस ओढून तुरुंगांत घातलें. मग मुख्य याजकाचीं पत्रें घेऊन तो दिमिष्कास निघाला, आणि वाटेंत प्रभूनें त्यास गांठलें.

त्यानंतर तीन वर्षांनीं, म्हणजे इ. स. ३७ च्या सुमारास, तो यरुशलेमेस परत आला. सुमारें १५० मैलांची वाट. जातांना हातीं अधिकारपत्रें होतीं. येतांना टोपलींत बसून दिमिष्काच्या तटावरून उतरलेला, जीव वांचवून पळालेला मनुष्य. जुन्या मित्रांच्या दृष्टीनें तो फितूर, आणि शिष्यांच्या दृष्टीनें अजून लांडगाच. तो त्यांच्यांत मिसळूं पाहूं लागला, पण सर्व त्यास भ्याले. त्यांस दोष देऊं नये. जिच्या नवऱ्यास त्यानें फरफटत नेलें, त्या बाईनें त्याच्याजवळ बसून भाकर कशी मोडावी? ह्या भयाबद्दल शौलानें कुरकुर केल्याचें शास्त्रांत कोठेंही लिहिलेलें नाहीं.

मग कुप्रचा बर्णबा पुढें झाला. आपलें शेत विकून पैसा मंडळीस देणारा तोच हा. त्यानें शौलास प्रेषितांकडे नेलें आणि त्याची हकीकत स्वतः सांगितली. आपल्या गांवांत असा मनुष्य परत आला म्हणजे त्याचीं जुनीं प्रकरणें उकरणारे चावडीवर दहा मिळतात. बर्णबा एखादाच, आणि कधीं तोही नसतो.

केफापाशीं शौल १५ दिवस राहिला. त्या दिवसांत ग्रीकभाषी यहुद्यांशीं त्यानें वाद घातला. स्तेफनाशींही असेच लोक भांडले होते. ते त्याच्या जिवावर उठले. मंदिरांत प्रार्थना करीत असतां प्रभूनें त्यास शहर सोडण्यास सांगितलें, तर तो प्रभूशींच हुज्जत घालूं लागला! मी काय काय केलें, स्तेफनाच्या वेळीं कोठें उभा होतों, हें सर्व ह्या लोकांस माहीत आहे, असें त्याचें म्हणणें. जेथें बिघडविलें तेथेंच सुधारावें, असें त्यास वाटलें असावें. प्रभूनें तें मानिलें नाहीं. बंधूंनीं त्यास कैसरीयास नेऊन तार्सास पाठविलें.

हा भाग वाचतांना मला नेहमीं त्या वस्त्रांपाशीं थांबावें लागतें. शौलाच्या हातीं दगड नव्हता. मी पुण्यास शिकत असतां वसतिगृहांतील एका सोबत्यावर चोरीचा आळ आला. खरें मला ठाऊक होतें. मीं तोंड उघडलें नाहीं. तो शाळा सोडून गेला. तीस वर्षांनीं मी तेथें गेलों, तों वसतिगृहाच्या जागीं दुसरीच इमारत उभी, आणि त्याचा ठावठिकाणा कोणासही माहीत नव्हता. प्रभूपाशीं मीं क्षमा मागितली व ती मिळाली. तरी त्याच्याजवळ मागावयाची होती ती राहिलीच. ज्यांस असा मनुष्य अजून सांपडण्यासारखा आहे, त्यांनीं नाताळाची वाट पाहूं नये. एकट्यास धीर होत नसेल तर मंडळींतील एखादा वडील भाऊ बरोबर न्यावा.

पुढें क्लौद्य कैसराच्या कारकीर्दींत दुष्काळ पडला, तेव्हां अंत्युखियाच्या मंडळीनें यहूदीयांतील बंधूंसाठीं मदत गोळा केली. जीं घरें शौलानें एकदां मोडलीं होतीं त्यांतलीं कांहीं त्या मदतीवर जगलीं असावीं. ती घेऊन शौल स्वतः गेला, आणि बरोबर बर्णबा होता.