मामा वाकत नाही

माणूस जन्माला येतो तोच डोक्यावर कर्ज घेऊन, असे आपले शास्त्र सांगते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. अर्ज नाही, जामीनदार नाही, तारण नाही, थेट मंजुरी! आमच्या बँकेत असा कारभार केला तर दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन लागेल. यातले ऋषिऋण म्हणजे गुरूचे देणे. ते फेडायचे कसे, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याची उत्तरे बहुतेक वेळा गैरसोयीचीच निघाली आहेत.

एकलव्याचेच पाहा ना. आदिपर्वातला हा निषादांचा मुलगा द्रोणाचार्यांकडे विद्या मागायला गेला. आचार्यांनी नकार दिला. आमच्या भाषेत, कर्ज नामंजूर. पुढे पोराने मातीचा पुतळा करून स्वतःच विद्या कमावली, तेव्हा हेच आचार्य दक्षिणेसाठी हजर! न दिलेल्या कर्जाची वसुली करण्याचा हा चमत्कार अजून कुठल्याही बँकेला साधलेला नाही. आणि मागितले काय, तर उजव्या हाताचा अंगठा. (बँकेत पुरुषांचा डावा लागतो. म्हणजे एकलव्याला निदान बचत खाते उघडता आले असते, एवढीच काय ती कृपा.)

माझ्या वाट्याला ही गोष्ट उलटी आली. रानातला गुरू आणि बाजारपेठेतला शिष्य. नव्वदच्या दशकात, आमच्या शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हा, मी एका कॅथलिक शाळेच्या मुलांच्या वसतिगृहात राहत होतो. तिथे आम्हाला मराठी व्याकरण शिकवायला जे सर होते, ते पावरा. सातपुड्यातल्या धडगावकडचे. धडगाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडले. घरची भाषा पावरी. नाताळात शाळा बंद, दिवाळीत शाळा बंद. पण सर रजा मागायचे ती होळीला, भोंगऱ्या बाजार सुरू झाला की. फादर आधी अर्जाकडे बघत, मग सरांकडे बघत आणि सही करत. परत येताना सर आमच्यासाठी पिशवीभर दाळ्या आणत. व्याकरणाच्या तासाला पोरे वेळेवर येत, त्यात दाळ्यांचाही वाटा होता हे नाकारण्यात अर्थ नाही.

एकदा सरांनी फळ्यावर लिहिले : घोडा, घोड्याला. आंबा, आंब्याला. मामा?

“मामाला,” आम्ही ओरडलो.

“माम्याला का नाही?”

वर्ग गप्प. जन्मापासून मामाकडे जात होतो, पण हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता. सरांच्या आला होता. आश्रमशाळेत लहानपणी ते ‘माम्याला’ म्हणाले होते आणि सगळा वर्ग हसला होता. हसणे विसरून त्यांनी नियम शोधला. “घोडा प्रत्ययापुढे वाकतो. मामा, काका, दादा वाकत नाहीत. वडीलधाऱ्यांना मान असतो, पोरांनो.”

“आणि नवरा, सर?”

सर क्षणभर थांबले. “नवऱ्याला. तो वाकतो.”

या नियमाची सत्यता लग्नानंतर मला पूर्णपणे पटली.

मध्यंतरी आम्हा जुन्या मुलांचा मेळावा झाला. आता भरभराटीला आलेल्या एका मित्राने माइक धरला आणि गहिवरून म्हणाला, “आदिवासी असूनही सर मराठी किती छान शिकवायचे!” टाळ्या पडल्या. त्याच्या प्रेमात खोट नव्हती. खोट होती त्या एका शब्दात. पाऊस असूनही सामना झाला, ताप असूनही पेपर दिला. ‘असूनही’च्या आधी येते ती अडचण. आता सरांचे पावरा असणे ही अडचण होती काय? आम्हाला मराठी आयते मिळाले म्हणून ते आम्हाला दिसत नव्हते. सरांनी ते एकेक शब्द उचलून, हसू सोसून मिळवले, म्हणून त्याचा प्रत्येक सांधा त्यांना ठाऊक होता. वाक्य ‘पावरा असल्यामुळे’ असेच हवे. नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी गोंडी भाषेचा आणि संस्कृतीचा आयुष्यभर अभ्यास केला, ग्रंथ लिहिले. ‘असूनही’ वापरायचेच असेल तर तिथे वापरा : बँकेत असूनही!

मला वाटते, अंगठा कापण्याचे काम फक्त आचार्यच करतात असे नाही. कधी कधी प्रेमळ शिष्यही गुरूचा अंगठा कापून घेतो आणि वर त्यालाच शाल पांघरतो. पाच सप्टेंबरचे आपले शाल-श्रीफळ ही तशी एकरकमी तडजोडच. बँकेच्या तडजोडीत सूट बँक देते; इथे ऋणकोच ती परस्पर घेतो.

मग फेडायचे कसे? १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या कर्जाची मुदत तीन वर्षे. त्याआत ऋणकोने लेखी कबुली दिली की नवी मुदत सुरू होते. कबुलीने एक पैसाही फिटत नाही. कर्ज जिवंत राहते, इतकेच. गुरूची आठवण म्हणजे अशी कबुली असावी. मात्र ती पूर्ण रकमेची हवी, त्यातून पावरी वजा नको, होळी वजा नको.

आणि रक्कम किती धरायची? सर तसे एकटेच होते. पण ‘सराला’ असे आम्ही कधी म्हटले नाही. म्हटले ते ‘सरांना’. म्हणजे अनेकवचन. हिशेब त्याच वचनात मांडावा हे बरे.