अंगावर ४४, घशात ४८

अंगावर नाव आहे मिकुनी. आरएक्स १०० मोटरसायकलवर वाढलेल्या आपल्या पिढीला ते घरचेच. पण हा कार्बुरेटर पाण्यावरचा, अमेरिकेतल्या जेट स्कीच्या शर्यतींतून निवृत्त झालेला. सुपर बीएन जातीचा, ४४ मिलिमीटरचा, असे तो स्वतः सांगतो. व्हर्नियर ४८ दाखवतो.

नाव आणि माप जुळेनासे झाले की ओळख सुरू होते.

चार मिलिमीटर ऐकायला किरकोळ. पण हवेला व्यास कळत नाही, क्षेत्रफळ कळते. ४४ चे ४८ झाले म्हणजे वाट एकोणीस टक्क्यांनी रुंदावली.

मोटरसायकलच्या कार्बुरेटरखाली पेट्रोलची वाटी असते, तिच्यात फ्लोट तरंगतो. याला वाटीच नाही. १९७३ साली कावासाकीने उभ्याने चालवायची जेट स्की आणली, तेव्हा ती कलंडणार, उलटणार हे धरूनच चालायचे होते. उलटणाऱ्या यंत्रात तरंगणाऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून इथे पातळ पडदा राखण करतो. इंजिन ओढते तसा तो आत खेचला जातो, सुई उचलतो, लागेल तेवढेच पेट्रोल सोडतो. पंपाचा पडदा वेगळा. तो क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो. इंजिनाची नाडी हीच त्याची ताकद.

या कार्बुरेटरचा पंप मात्र बंद केलेला आहे, त्या जागी सपाट झाकण. म्हणजे पेट्रोल बाहेरच्या पंपाने येत असणार. चोकची पाकळी काढलेली, तिच्या दांड्याची भोके बुजवलेली, वर पितळी तोटी: थंड इंजिनात हाताने पेट्रोल मारायची सोय. थ्रॉटलची पट्टी एकाच बाजूला झिजली आहे. तिथे दुसऱ्या कार्बुरेटरचा दुवा अडकत असावा. हा एकटा नव्हता.

जे काढून टाकले आहे तेच जास्त बोलते.

शर्यतींत 'स्टॉक' गटाला मूळ कार्बुरेटरचा घसा वाढवता येत नाही. तेव्हा हा त्या गटातला नक्कीच नव्हे. कोणी घडवला? कुठेही सही नाही. पण लेथवरून उतरल्यावर कड हाताने घासून गुळगुळीत केली आहे, बोट फिरवले तरी कुठे अडत नाही. ती कड झाकली जाणार होती, कोणालाच दिसणार नव्हती. त्या अनोळखी कारागिराबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

रुंद घशाला हळू बोलता येत नाही. वाट मोठी झाली की कमी फेऱ्यांवर हवेचा वेग पडतो, ओढ मंदावते, इंजिन अडखळते. हे त्या कारागिराला ठाऊक होते. त्याची शर्यत पूर्ण उघड्या थ्रॉटलवर होती; किनाऱ्याजवळची सावकाश फेरी त्याने जाणूनबुजून सोडून दिली. यंत्रात केलेला प्रत्येक बदल म्हणजे कशावर तरी सोडलेले पाणी.

ही ओळख कपाटात मांडण्यापुरती नाही. शर्यतीच्या अशा टू-स्ट्रोक इंजिनात तेल बहुधा पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. जेटचा, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राचा, अंदाज चुकून पेट्रोल कमी पडले, की उष्णता वाढते आणि नेमके तेव्हाच वंगणही आटते. पिस्टन जाम होतो. अंगावरच्या ४४ वर विश्वास ठेवून जेट निवडणाऱ्याला ही किंमत मोजावी लागेल.

जेटवरचे आकडे भिंगाखाली वाचता येतात. सुईच्या तरफेखालच्या स्प्रिंगवर मात्र काहीच लिहिलेले नसते. ६५, ८०, ९५, ११५ ग्रॅम, सगळ्या डोळ्याला जवळपास सारख्याच. त्यातून कोणी वेटोळे कापले असेल, तर स्प्रिंग आणि दाब यांच्या तक्त्याचाही उपयोग नाही. तिला दाबानेच विचारावे लागते.

पेट्रोलच्या तोटीला हातपंप जोडला. सुईच्या बैठकीवर पेट्रोलचे दोन थेंब सोडले; कोरडी सुई खरे सांगत नाही. दाबाचा काटा चढत गेला. टच्. सुई उघडली, काटा पडला. पुन्हा चढवला. टच्. तिसऱ्यांदाही त्याच आकड्यावर. तो वहीत लिहिला, आणि त्याच्या शेजारी दुव्याच्या झिजेचे माप. त्याच मापाची झीज कुठेतरी दुसऱ्या एका पट्टीवर असेल, उलट्या बाजूला.