पाणी घालण्याआधी

गेल्या पावसाळ्यात आमच्या पडवीतल्या कुंडीतले कॅक्टस आक्रसू लागले. अंगावर सुरकुत्या पडल्या. तहान लागली असेल असे समजून आम्ही रोज तांब्याभर पाणी घालू लागलो. काही दिवसांतच ते बुंध्याशी मऊ पडले. कुंडी उपडी केली तेव्हा दिसले की मुळे काळी पडून कुजली होती. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून झाड पाण्यात उभे असूनही तहानलेलेच दिसते. तहान आणि बुडणे, दोन्हींची खूण वरून एकच!

दोष पावसाचा होता का? आपल्या सह्याद्रीच्या उघड्या कड्यांवर निवडुंग सारा पावसाळा भिजत उभा असतो आणि कुजत नाही. तो कॅक्टसच्या कुळातला नाही. कॅक्टस मूळचे अमेरिकेतले. पण अंगात पाणी साठवण्याची रीत दोघांचीही. कड्यावर पडलेले पाणी लगेच वाहून जाते. आमच्या कुंडीचे भोक मात्र बुजले होते आणि खाली बशीही ठेवली होती. झाड पाण्याने नव्हे, साचलेल्या पाण्याने मेले असते.

त्याच दिवसांत घरात आणखी एक गोष्ट घडत होती. वडील गेल्यापासून आम्ही आईला कशालाच हात लावू देत नव्हतो. 'आई, तू बस, आम्ही करतो.' विहिरीवर नको, चुलीपाशी नको, बाजारात तर नकोच. ती मलूल होत गेली. हे दुःखामुळे, असे समजून आम्ही आणखी जपू लागलो. शेवटी एके संध्याकाळी तीच म्हणाली, "बसान बसान कंटाळो इलो माका." तोवर तिला विचारावे, हे आम्हांला सुचलेच नव्हते. मग ही माया कोणासाठी होती? तिच्या गरजेसाठी, की आमच्या मनाच्या समाधानासाठी?

यावर कोणी म्हणेल, मग मदत करूच नये. तसे नाही. मुळे पांढरी व घट्ट असतील, माती तळापर्यंत कोरडी असेल, तर झाड खरोखर तहानलेले असते. त्याला भरपूर पाणी द्यावे, ते पुन्हा भरते. गरजवंताला 'सवय लागेल' म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवणे हीसुद्धा न पाहता केलेली पारखच. प्रश्न द्यावे की न द्यावे हा नाही. आधी पाहिले का, हा आहे.

लूकच्या शुभवर्तमानातल्या फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडासाठी माळी एका वर्षाची मुदत मागतो. तो आधी झाडाभोवती खणण्याचे बोलतो, मग खताचे. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

आमचे कॅक्टस वाचले. स्वच्छ सुरीने निरोगी गर लागेपर्यंत कुजका भाग कापला. तुकडा आठ-दहा दिवस सावलीत ठेवून जखम सुकू दिली. मग जाड वाळू आणि जांभ्याचा चुरा मिसळलेल्या कोरड्या मातीत लावला, आणि मुळे धरेपर्यंत पाण्याचा हात आवरला. कापण्यापेक्षा हे थांबणेच आम्हांला जड गेले. आता कुंडी पागोळीपासून दूर, उजेडात ठेवली आहे. तिची देखभाल आई करते. भाकऱ्याही पुन्हा तीच थापते, आणि आम्ही मध्ये पडलो तर रागावते.

आपल्याही घरात, शेजारात कोणी आक्रसत चालले असेल. तांब्या उचलण्याआधी त्याच्यापाशी बसूया, विचारूया, आणि मिळालेले उत्तर आपल्याला आवडणारे नसले तरी ऐकूया.